पाण्यावरचा पंखा आणि त्याचा आवाज

बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला दोन गोष्टी लागतात: खोली आणि मोकळे पाणी. जिथे पाणी वीतभर, खाली गाळ आणि वर गवताचे दाट रान, तिथे हा पंखा गवत गुंडाळून घेतो, नाहीतर चिखलात रुतून बसतो. जगात अशा जागा थोड्या नाहीत. फ्लोरिडातला एव्हरग्लेड्सचा गवताळ पाणथळ प्रदेश, ओहोटीला कोसभर उघडी पडणारी इंग्लंडमधली मोरकॅम उपसागराची चिखलाची मैदाने, कच्छच्या खाड्या, ही सगळी ना धड जमीन ना धड पाणी. तिथे जायचे तर पंखा पाण्याबाहेर काढून हवेत फिरवावा लागतो. एअरबोट आणि हॉवरक्राफ्ट ही दोन्ही वाहने ही गरज भागवतात.

पंखा हवेत आला आणि रुतण्याचा प्रश्न सुटला. त्याबरोबर आवाज आला. थोडाथोडका नव्हे; एअरबोटीत बसणाऱ्याला कान झाकून घ्यावे लागतात आणि किनाऱ्यावरच्या माणसाला बोट दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. हा आवाज या वाहनांच्या नशिबीच लिहिलेला आहे का? व्याख्यानाचा मुख्य प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आवाजाचा मोठा भाग आराखडा करताना घेतलेल्या निर्णयांतून येतो. निर्णय बदलले की आवाज बदलतो. हे कसे घडते ते पाहण्याआधी या दोन वाहनांची ओळख करून घ्यावी लागेल.

एअरबोट विमानाच्या बरोबरीने जन्मली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने १९०५ साली कॅनडात, नोव्हा स्कॉशियातल्या बॅडेक इथे, जोडहोडीवर हवेतला पंखा बसवला. विमानासाठी इंजिने आणि पंखे तपासून पाहणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे १९२० साली विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी फ्लोरिडात अशीच एक बोट बनवली. १९३०च्या दशकात तिथल्याच बेडूक पकडणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या लोकांनी सपाट तळाच्या होड्यांवर विमानांची जुनी इंजिने चढवली. १९४३ साली युटा राज्यातल्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यातल्या कर्मचाऱ्यांनी पाणथळीत फिरून काम करता यावे म्हणून स्वतः एअरबोट तयार केली. म्हणजे हे वाहन घडवणारे बहुतेक लोक दलदलीतच काम करणारे होते. ज्याला जे इंजिन मिळाले ते त्याने बसवले, आणि आजच्या एअरबोटीच्या रूपावर त्याची खूण अजून आहे.

तिचे रूप अगदी साधे. सपाट तळ, मागच्या बाजूला उंचावर इंजिन, त्याच्या मागे जाळीच्या पिंजऱ्यात पंखा, आणि पंख्याच्याही मागे उभी सुकाणूची पाती. पंख्याने मागे फेकलेली हवा त्या पात्यांवर आदळते आणि बोट वळते. पंखा मंद केला की वळणेही मंदावते. साध्या एअरबोटीला ब्रेक नसतो आणि उलट गतीही नसते, म्हणून ती चालवणे हे कौशल्याचे काम आहे. सरळ तळामुळे ती ओल्या गवतावरूनही घसरत जाते. २००५ साली कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेले, तेव्हा बुडालेल्या रस्त्यांतून रुग्णालयांपर्यंत पोहोचायला याच बोटी उपयोगी पडल्या. पाण्याखाली मोटारी, कुंपणे, तारा असताना पाण्यातला पंखा तिथे काय कामाचा?

हॉवरक्राफ्टची गोष्ट वेगळी आहे. एअरबोट पाण्याला टेकून चालते. हॉवरक्राफ्ट हवेच्या गादीवर तरंगते. इंग्लंडमध्ये बोटी बांधण्याचा छोटा व्यवसाय करणारे अभियंते ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी एका डब्यात दुसरा डबा बसवला, दोहोंमधल्या फटीतून हवा खाली सोडली आणि खालचा दाब स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजला. कडेने गोलाकार सोडलेली हवा सरळ नळीतून सोडलेल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त भार उचलते, हे त्यांना दिसले. डिसेंबर १९५५मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. सॉन्डर्स-रो कंपनीने बांधलेले एसआर.एन१ हे वाहन जून १९५९मध्ये लोकांसमोर आले आणि २५ जुलै १९५९ रोजी त्याने इंग्लिश खाडी ओलांडली. वैमानिक ब्लेरियोने विमानातून हीच खाडी पहिल्यांदा पार केली, त्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षे झाली होती.

ते पहिले वाहन पाण्यापासून वीतभरच उंच उठे. लाटा आल्या की अडचण. ती दूर केली सेसिल लॅटिमर-नीडहॅम यांच्या लवचीक झालरीने. वाहनाच्या कडेने रबरी कापडाची झालर सोडली की हवा आत कोंडून राहते आणि टणक तळ लाटांच्या वर राहतो. आजचे प्रत्येक हॉवरक्राफ्ट या झालरीवर उभे आहे.

हवेची गादी किती हलकी असते? २० टनांचे वाहन १५० चौरस मीटरच्या गादीवर उभे आहे असे धरले, तर खालचा दाब सुमारे १,३०० पास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. उभ्या माणसाच्या तळपायाखाली याच्या सुमारे पंधरापट दाब असतो. ज्या चिखलात माणूस गुडघाभर रुततो त्यावरून वीस टनांचे वाहन सहज जाते, ते यामुळे. ५ फेब्रुवारी २००४च्या रात्री मोरकॅम उपसागरात शिंपले गोळा करणारे किमान २१ मजूर भरतीत सापडून मृत्यू पावले. त्या उपसागरात ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय २००२पासून हॉवरक्राफ्ट वापरत आहे, कारण तिथे बोट पोहोचत नाही आणि पायी जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. आवाजाची चर्चा करताना हे विसरता कामा नये. ही वाहने चैनीची नाहीत. पुष्कळ ठिकाणी त्यांना पर्यायच नाही, आणि म्हणूनच ती शांत व्हायला हवीत.

आता मुख्य प्रश्नाकडे. पंखा आवाज का करतो?

इंजिनाच्या धुराड्याचा आवाज सगळ्यांना परिचित आहे. त्याला सायलेन्सर लावता येतो. फ्लोरिडाच्या कायद्याने एअरबोटीच्या इंजिनाला तो लावणे सक्तीचेही केले आहे. पण हा नियम धुराड्यापुरता आहे, आणि धुराडे शांत केल्यावर जो उरतो तो पंख्याचा आवाज. पंख्याला सायलेन्सर लावता येत नाही.

पंख्याच्या आवाजाचे दोन मोठे प्रकार आहेत. एक, गुरगुर. प्रत्येक पाते जाताना हवा बाजूला सारते आणि मागे ढकलते. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत दाबाचा एकेक धक्का पोहोचतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे ९० धक्के बसतात आणि त्याच पट्टीचा खर्जातला सूर ऐकू येतो. दुसरा प्रकार फसफसाटाचा. पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांतून तो येतो आणि त्याला ठराविक सूर नसतो. पहिल्या प्रकारातल्या सुरांचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन यांनी १९३६ सालीच मांडले होते. म्हणजे ज्ञान जुने आहे.

आणि दोन्ही प्रकारांचा मालक एकच: पात्याच्या टोकाचा वेग. २ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी फिरला, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे २८३ मीटर धावते. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४०. म्हणजे टोक ध्वनीच्या वेगाच्या ८३ टक्क्यांवर पोहोचलेले आहे. या पट्ट्यात वेग थोडा वाढला तरी आवाज झपाट्याने वाढतो, दाबाचे धक्के टोकदार होतात आणि गुरगुरीचा तडतडाट होतो. विमानाचे इंजिन थेट पंख्याला जोडलेल्या जुन्या धाटणीच्या एअरबोटीचा आवाज कानठळ्या बसवतो, त्याचे कारण इथे आहे. ते इंजिन हवेत वेगाने उडणाऱ्या विमानासाठी बनलेले. दलदलीत सावकाश चालणाऱ्या बोटीचा विचार त्यात कुठे असणार?

फेरे २,७०० वरून १,८०० वर आणले तर? टोकाचा वेग सेकंदाला १८८ मीटरवर येतो, ध्वनीच्या वेगाच्या ५५ टक्के. फसफसाटाची शक्ती टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या-सहाव्या घाताने बदलते. त्यामुळे एवढ्या बदलाने तो नऊ-दहा डेसिबलने खाली येतो, आणि दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्मा आवाज वाटते. तडतडाट तर त्याहून जास्त उतरतो. पण फुकट काही मिळत नाही. पंख्याचा रेटा फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, म्हणून तीच पाती ठेवली तर तो मूळच्या ४४ टक्क्यांवर घसरेल. तो परत मिळवायचा तर पात्यांचे क्षेत्रफळ सव्वादोनपट करावे लागते: दोनाऐवजी चार पाती, किंवा तेवढीच पण रुंद. वाढलेली पाती मिळवलेल्या डेसिबलमधले काही परत खातात. तरीही सौदा फायद्याचा राहतो, आणि आज फ्लोरिडातल्या चांगल्या एअरबोटींवर मोटारीचे इंजिन, वेग उतरवणारा गिअर आणि रुंद पात्यांचा पंखा दिसतो तो यामुळे.

यापुढचा मुद्दा व्यासाचा. तेवढाच रेटा मिळवायला पंख्याचा घेर वाढवला तर लागणारी शक्ती कमी होते. घराघरांत हे दिसते: छताचा मोठा पंखा संथ फिरून खोलीभर वारा देतो, छोटा टेबल फॅन तेवढ्या वाऱ्यासाठी घरघरतो. जागेवर उभ्या बोटीच्या पंख्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले तर त्याच रेट्याला सुमारे ३० टक्के कमी शक्ती पुरते. व्यास दुप्पट केला तर निम्मी. म्हणजे शांतता आणि इंधनाची बचत इथे एकाच दिशेला आहेत. अभियांत्रिकीत असे क्वचित घडते. एरवी एक हवे तर दुसरे सोडावे लागते. मग सगळे पंखे प्रचंड का नसतात? कारण मोठा पंखा उंच बसतो, बोटीचा तोल वर जातो, झाडाच्या फांद्या आणि पूल आड येतात, गिअरचे वजन आणि किंमत वाढते. अडथळा या गोष्टींचा आहे.

आता एक दुर्लक्षित गोष्ट. पंख्यात शिरणारी हवा स्वच्छ हवी. एअरबोटीत पंख्याच्या पुढे काय असते? चालक, त्याची उंच खुर्ची, इंजिन, नळ्या, पिंजऱ्याच्या सळ्या. या प्रत्येकामागे हवेत खळबळ उडते आणि पाते दर फेरीत त्या खळबळीतून कापत जाते. त्यातून होणारा आवाज पंख्याच्या मूळ आवाजात मिसळतो, आणि पंखा कितीही चांगला आणला तरी तो जात नाही. इंजिन खाली आणि पुढे सरकवणे, पट्ट्याने वर शक्ती नेणे, सळ्या पात्यांपासून दूर ठेवणे, सुकाणूची पाती थोडी मागे नेणे हे उपाय साधे आहेत. त्यांना नव्या शोधाची गरज नाही. नवा पंखा विकत घेण्याआधी त्याच्या पुढचा पसारा आवरावा, हे सांगणारे फार थोडे असतात.

आणि कवच? पंख्याभोवती गोल कवच बसवले तर टोकाशी हवा निसटत नाही. आदर्श स्थितीत तेवढ्याच शक्तीत २६ टक्के जास्त रेटा मिळतो, म्हणजे तेवढ्याच रेट्यासाठी पंखा संथ फिरवता येतो. कवच बाजूला जाणारा आवाजही काही प्रमाणात अडवते. पण टोक आणि कवच यांतली फट अगदी कमी ठेवावी लागते. फट वाढली किंवा आत वेडीवाकडी हवा शिरली तर कवचातला पंखा उघड्या पंख्यापेक्षाही जास्त ओरडतो. हॉवरक्राफ्टला कवच शोभते, कारण त्याच्या डेकवर कवच घट्ट बसवता येते. हलक्या एअरबोटीला ते जड होते.

पात्यांमधले अंतर असमान ठेवणे हाही एक उपाय. हेलिकॉप्टरच्या कवचबंद शेपटीपंख्यात तो वापरतात: एका सुराची सगळी शक्ती अनेक सुरांत वाटली जाते. एकूण आवाज फारसा घटत नाही, पण कानाला टोचणारा सूर मावळतो. अलीकडे पात्यांचे वेटोळे करणाऱ्या पंख्याची बरीच चर्चा झाली. अमेरिकेच्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेने तो छोट्या ड्रोनवर दाखवला. ड्रोनवरचा परिणाम दोन मीटरच्या पंख्याला तसाच्या तसा लागू पडेल, असे मात्र धरू नये. आकार बदलला की हवेची वागणूकही बदलते.

हे सगळे कागदावरचे आहे का? नाही. एक पुरावा १९७०चा आहे. व्हिएतनाम युद्धात रात्री टेहळणीसाठी लॉकहीडने वायओ-३ए हे शांत विमान बनवले. त्यात इंजिनाचा वेग पट्ट्यांनी सुमारे तिसऱ्या हिश्शावर आणून लाकडी, रुंद पात्यांचा मोठा पंखा संथ फिरवला आणि धुराड्याला लांबलचक सायलेन्सर लावला. ते शत्रूच्या डोक्यावरून जाई आणि खाली कुणाला कळत नसे. त्याच युद्धात त्याच देशाच्या एअरबोटी मेकाँगच्या पाणथळीत आपली वर्दी दुरूनच देत होत्या. एकाच सैन्याकडे दोन्ही यंत्रे होती. फरक ज्ञानाचा नव्हता, मागणीचा होता.

दुसरा पुरावा नागरी जीवनातला आहे आणि जास्त मोलाचा. १९६८ साली इंग्लिश खाडीवरच्या डोव्हर-बूलोन मार्गावर एसआर.एन४ हे महाकाय हॉवरक्राफ्ट सुरू झाले. चार गॅस टर्बाइने, आणि वर मनोऱ्यांवर चार उघडे पंखे, प्रत्येकाचा व्यास ५.८ मीटर. पुढच्या लांब केलेल्या आवृत्तीत ४१८ प्रवासी आणि ६० मोटारी मावत. १९९५ साली त्यातल्या एकाने २२ मिनिटांत खाडी पार केली. पाहणाऱ्याचे डोळे दिपवणारे ते यंत्र होते आणि त्याची गर्जनाही तशीच. इंधन आणि देखभालीचा खर्च, १९९४ साली उघडलेला समुद्राखालचा बोगदा, करमुक्त विक्रीचा अंत, यांमुळे १ ऑक्टोबर २००० रोजी ती सेवा संपली.

पण इंग्लंडमध्येच, आइल ऑफ वाइट बेटावरचे राइड आणि समोरचे साउथसी यांच्यामध्ये १९६५पासून एक छोटी सेवा चालू होती, ती आजही चालू आहे. तिथे सुरुवातीला एसआर.एन६ हे टर्बाइनवर चालणारे, उघड्या पंख्याचे वाहन होते. दोन्ही टोकांना वस्ती, दिवसभर फेऱ्या, दहा मिनिटांचा प्रवास. अशा जागी गर्जना चालत नाही. रोजची सेवा शेजाऱ्यांच्या संमतीवर जगते. १९८३ साली तिथे एपी१-८८ आले. टर्बाइन गेले, हवेने थंड होणारी डिझेल इंजिने आली. उघडा पंखा गेला, कवचातला पंखा आला. शक्ती पट्ट्यांनी वर नेली. वेग थोडा कमी झाला. प्रवासी वाढले, खर्च उतरला, आवाजही उतरला. २०१६मध्ये तिथे ग्रिफॉन कंपनीची १२०००टीडी ही पुढची पिढी दाखल झाली. भव्य यंत्र संग्रहालयात गेले आणि शांत यंत्र कामावर राहिले. या दोन मार्गांची गोष्ट शेजारीशेजारी ठेवली की आवाज हा हॉवरक्राफ्टचा गुणधर्म नाही, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

एव्हरग्लेड्समध्ये मात्र प्रश्न दुसऱ्या वाटेने गेला. उघड्या सपाट पाण्यावर आवाज अडवायला काही नसते. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की ध्वनी वर न जाता खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. खर्जातले सूर हवेत फारसे शोषलेही जात नाहीत. १९८९च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानात पूर्वेकडचा भाग जोडला गेला, तेव्हा तिथल्या खाजगी एअरबोटी फक्त आधीपासून वापर करणाऱ्यांच्या हयातीपुरत्या राहतील असे ठरले. पर्यटकांना नेणारे व्यावसायिक करारबद्ध झाले. यंत्र शांत झाले नाही की माणसाला बाहेर काढावे लागते. दलदलीत वाढलेल्या, त्या बोटींवर पोट भरणाऱ्या कुटुंबांसाठी ही किंमत मोठी आहे. शांत पंखा वेळेवर आला असता तर वाद एवढा ताणला गेला नसता, असे म्हणायला जागा आहे.

विजेच्या मोटरमुळे आता नवी संधी आली आहे. मोटर संथ फिरूनही भरपूर पीळ देते, त्यामुळे गिअर नसला तरी चालतो; धुराड्याचा आवाज तर उरतच नाही. अडचण बॅटरीच्या वजनाची. हॉवरक्राफ्टमध्ये प्रत्येक किलो हवेवर उचलावा लागतो, जागेवर तरंगत असतानाही. छोट्या फेऱ्यांच्या वाहनांना हे आधी जमेल, बचावकार्याच्या वाहनांना उशिरा.

आपल्याकडे या विषयाचे स्थान काय? मुंबईत १९९०च्या दशकात हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा आली आणि टिकली नाही. भारतीय तटरक्षक दल मात्र २०००पासून ग्रिफॉनच्या आराखड्याची हॉवरक्राफ्ट वापरते. मंडपमची उथळ सामुद्रधुनी आणि हल्दियाची गाळाची खाडी ही त्यांची कामाची ठिकाणे. ऑक्टोबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने गोव्याच्या चौगुले कंपनीशी अशा सहा वाहनांचा ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला. ही वाहने आता गोव्यात बांधली जात आहेत. हाताला काम येईल, कौशल्य येईल. कवच आणि टोकातली फट मिलिमीटरमध्ये सांभाळणे, पाती तोलणे, पंख्यापुढची हवा मोकळी ठेवणे, हे कसब कारखान्याच्या जमिनीवरच शिकले जाते; ते आराखड्याबरोबर विकत मिळत नाही.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि ती जागा २०२२पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. कोकणच्या खाड्यांत, पुराच्या पाण्यात, उद्या अशी वाहने आणली जातील तेव्हा ती किती वेगाने धावतात आणि किती माणसे नेतात हे निविदेत लिहिले जाईलच. त्याच पानावर आणखी एक ओळ असावी: ठराविक अंतरावरून, पूर्ण रेट्यावर, किती डेसिबल. पंखा बनवणाऱ्यांना त्याचे उत्तर देता येते. सभागृहात बसलेल्या अभियंत्यांनी, नगरसेवकांनी आणि पक्षीमित्रांनी तो प्रश्न खरेदीच्या आधी विचारावा.